टाकी नंबर चारमधली मादी

३ मार्च
साहेबांनी शहरात बदली करून घेतली. डोंगरावरच्या या मत्स्यकेंद्रात आता मी एकटाच. म्हणजे प्रमुखच म्हणायचं. टाकी नंबर चारमध्ये डोंगरातल्या ओढ्याचे दोन मिशीवाले मासे आहेत. बोटभर लांब, पोटाने दगडाला चिकटून राहणारे. जगात थोडेच उरलेत. मोठी ती मादी, छोटा तो नर. मी स्वतः ओळखलं. मेअखेर अंडी मिळवणारच.

९ मार्च, सकाळ
बायकोचा फोन. पंधरा दिवसांसाठी म्हणून थोरल्या लेकीकडे गेली, त्याला सात महिने झाले. नातवाला दात येताहेत म्हणे. यायचेच. सगळे यायला वेळ लागतो.
भात खालून लागला. वरचा उत्तम होता.

२१ मार्च
मादी दगडाच्या या बाजूला, नर त्या बाजूला. लाजताहेत. ओढ्यासारखं वाटावं म्हणून पाण्याचा जोर वाढवला. पंप बंद पडला. दुपारभर बादलीने पाणी ओतलं. पाठ धरली. पण मादीने एकदा वळून पाहिलं, हे नक्की.

२ एप्रिल
बायकोने विचारलं, एकटं वाटत नाही का? म्हटलं, वेळ कुठे आहे? मग तिला पाऊण तास माशांबद्दल सांगितलं. मधे ती फोन ठेवून दूध तापवून आली. तिनेच सांगितलं, नाहीतर मला कळलंच नसतं.

१९ एप्रिल
मादीचं पोट फुगलंय! साहेबांना कळवलं. ते म्हणाले, तज्ज्ञ बाईंना पाठवतो. पिल्लं बघायला बायको येईलच. तिची खाट पुसली, गादी उन्हात टाकली.

६ मे
बाई आल्या. लेकीच्या वयाच्या. ओल्या तळहातावर मासा उलटा धरून भिंगातून पाहिला. मग दुसरा.
"काका, हे दोन्ही नर आहेत."
पोटाचं विचारलं. म्हणाल्या, खाणं जास्त होतंय. मी म्हटलं, नीट बघा. त्यांनी परत नीट पाहिलं.

७ मे
पलीकडच्या खोऱ्यात खरी मादी सापडली आहे. तिच्यासाठी बाई मोठ्याला घेऊन गेल्या. ऑक्सिजन भरलेली पिशवी जीपपर्यंत मीच नेली. छोट्यालाही न्या म्हटलं. त्या म्हणाल्या, सध्या एकच पुरे.
संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती हसली. किती दिवसांनी हसली. मग म्हणाली, "आता तुम्हीच खाली या. इथे जागा आहे."
मी म्हणालो, "इथे अजून एक आहे. त्याला कोण बघणार?"
ती मग म्हणाली, "बरं."
एकतीस वर्षांत तिचे सगळे 'बरं' मला ओळखीचे झाले होते. हा नवीन होता.