नोटिशीतील तिसरी नोंद

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.१०
पोलिसांची नोटीस. जुगाराबद्दल तीनदा शिक्षा झालेला इसम म्हणून मला सहा महिने जयपूर जिल्ह्याबाहेर का घालवू नये, याचा खुलासा मागितला आहे. इकडे जिलाबदर म्हणतात, आपण तडीपार.
मी बी.कॉम., प्रथम श्रेणी. विमा कंपनीत एकतीस वर्षे अधिकारी. मी जुगारी नाही. तीन पत्तीतील संभाव्यतेचा अभ्यासक आहे. हा विषय ग्रंथालयात शिकवत नाहीत, म्हणून राजा पार्कात नमकीनच्या दुकानामागील खोलीत जावे लागते.
४ डिसेंबरला अनुयाचे लग्न. एकुलती मुलगी, कन्यादान मीच करणार.
संकल्प: तोवर पत्त्यांना स्पर्श नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार
वकील माथुरजी नोटीस वाचून हसले. वकिलाने हसू नये. तिसरी शिक्षा कोणा उमाकांत शर्माची निघाली. मी उमाकांत पाटणकर. दोन शिक्षांवर जिलाबदर होत नाही म्हणे. सुनावणीत ‘हा मी नाही’ एवढेच सांगून गप्प बसायचे. विभाने वाटेत दोनदा बजावले, “अहो, गप्प बसायचं. ऐकलंत ना?” आयुष्यभर लोकांचे क्लेम तपासलेल्या माणसाला हे ऐकावे लागते.

९ नोव्हेंबर, रविवार
राजा पार्कात गेलो, ते यापुढे येणार नाही हे सांगण्यास. उभ्याने सांगणे असभ्य दिसले असते. साडेचार तास बसलो. संकल्प अभंग: सर्व डाव ब्लाइंड खेळलो, पत्ते उचललेच नाहीत. हरलो ते वेगळे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
संताप. शर्माची शिक्षा पाटणकराच्या नावावर! कोणत्या गाढवाने ही फाइल तयार केली? आमच्या कार्यालयात अशा माणसाला मी उभे राहू दिले नसते.
विभाचा भाऊ सदाशिव लग्नासाठी वीस दिवस आधीच सोलापूरहून येऊन बसला आहे. म्हणतो, “दाजी, चूक आपल्या फायद्याची असली की तिला चूक म्हणायचं नसतं.” अशा माणसाला मी साधा फॉर्मही भरू देणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी १.३०
सुनावणी. तिसरी शिक्षा माझ्या अशिलाची नाही, असे माथुरजींनी उत्तम मांडले. साहेबांनी मला विचारले, “मतलब, यह फाइल गलत है?” प्रश्न थेट होता. मी सांगितले, पूर्णपणे चुकीची. माझी तिसरी शिक्षा सांगानेरची, सन २०२१, दंड जागीच भरलेला. पावतीची साक्षांकित प्रतही दिली. साहेबांनी उठून आभार मानले. इतक्या वर्षांत प्रथमच एका सरकारी माणसाला अचूकतेची किंमत कळली. माथुरजी जिन्यात बसून राहिले. त्यांना साखरेचा त्रास असावा.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
आदेश: सहा महिने. अठ्ठेचाळीस तासांत जिल्हा सोडावा. नाव, पत्ता, तारखा, सारे बिनचूक.
निषेध! अपील करणार. माथुरजी फोन उचलत नाहीत. विभा भांडली असती तर बरे वाटले असते. तिने फक्त स्वेटर किती ठेवू, असे विचारले.

४ डिसेंबर, गुरुवार. अजमेर
लॉज, खोली ७. लग्न व्हिडिओ कॉलवर. अनुयाने फोन स्वतः खुर्चीवर उभा करून दिला, “बाबा, दिसतंय ना?” दिसत होते. मग सदाशिव कन्यादानाच्या तयारीला उठला आणि त्याने आपला कोट त्याच खुर्चीवर टाकला. पुढील सर्व विधी मी अस्तरातून ऐकले.
‘सावधान’ ऐकू आल्यावर उभा राहून अक्षता टाकल्या. नंतर गादीवरून एक-एक वेचल्या. झोपताना टोचतात.