तेवीस ऑगस्टचं पान

शहापूर
शुक्रवार, दि. ३ नोव्हेंबर २०२३

चि. जागेश्वर,

तुला आशीर्वाद. ते घ्यायचे की नाही, हे पत्र पूर्ण वाचल्यावर ठरव. आईंना मात्र माझा नमस्कार आजच सांग.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या ताईचा डावा गुडघा पायऱ्या चढताना दुखतो, उतरताना दुखत नाही. हलकं, लवकर येणारं धान निघालं, त्यामुळे पंपाच्या मोटारी येणं कमी झालं. या मोसमात मी एकशे अठ्ठावीस मोटारींचं वाइंडिंग केलं. परत आल्या दोन, आणि त्या दोन्हींत पाणी शिरलं होतं, वाइंडिंगचा दोष नव्हता. आठवी पास माणसानं, कोणी न शिकवता, जळक्या मोटारी उघडून एकेक वेढा मोजत उभं केलेलं हे काम आहे. तू हे शंभरदा ऐकलं आहेस. तरी लिहिलं, कारण पुढे लागणार आहे.

पत्र लिहिण्याचं कारण तुझी भाची तेजस्विनी. तिचं कौतुक मला कोणाजवळ तरी करायचं होतं, आणि ते ज्याला खरोखर समजेल असा माणूस आपल्या नात्यात तू एकच आहेस.

तुला माहीत आहे, ती भंडाऱ्याला राईस मिलच्या ऑफिसात काम करते. जून महिन्यात तिनं माझ्या मोबाइलवर एक सेवा सुरू करून दिली. आपल्या नावावर कोणी कर्ज मागितलं, कोणत्या बँकेनं किंवा फायनान्सवाल्यानं आपला क्रेडिट रिपोर्ट उघडून पाहिला, की आपल्याला एक-दोन दिवसांत संदेश येतो. वर्षाची फी आहे. मी म्हटलं, "आपलीच माहिती आपल्यालेच पाहाले पैसे कायले? तूच तं सांगत होतीस, वर्षातून एकदा रिपोर्ट फुकट मिळते म्हणून."

ती म्हणाली, "मिळते ना बाबा. पण वर्षातून एकदा पाहणं म्हणजे मोटार जळल्यावर हात लावून पाहणं. तुम्ही गिऱ्हाइकाले काय सांगता? आवाज बदलला की आणा म्हणता ना?"

माझंच बोलणं माझ्यावर उलटवलं. मी फी भरली.

मला आणखी एक भीती होती. रिपोर्ट पाहिला की मार्क कमी होतात असं ऐकलं होतं. तिनं समजावलं की आपण स्वतः पाहिलं तर काही होत नाही, रोज पाहा. कर्ज देणाऱ्यानं पाहिलं तर त्याची नोंद लागते. थोड्या दिवसांत अशा पुष्कळ नोंदी लागल्या, की पुढच्या बँकेला वाटतं हा माणूस पैशासाठी दारोदार फिरून राहिला. तिनं हे इतकं साधं सांगितलं, की मी ते वहीत उतरवून घेतलं. मग आठवलं की हेच, जवळजवळ याच शब्दांत, मी आधी एकदा कोणाकडून तरी ऐकलं आहे.

त्यावर नंतर येतो.

मंगळवार, २६ सप्टेंबर. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. मी तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीचा स्टेटर वाइंडिंगला घेऊन बसलो होतो. मोबाइल वाजला. माझ्या नावावर दुचाकीच्या कर्जासाठी चौकशी झाली होती, अशा शहरातून जिथं मी जन्मात गेलो नाही. माझ्या तोंडून पहिला शब्द कोणता निघाला असेल, ते तू ओळखलं असशील. मी तेजूला फोन लावला आणि म्हणालो, "तुझ्या मामाचंच काम आहे. पुन्हा सुरू केलं त्यानं."

ती म्हणाली, "बाबा, फोन ठेवा. मी येतो अन् पाहतो. तोपर्यंत कोणालेच काही म्हणू नका. आईलेही नाही."

मोटार जळून आली की मी आधी तार ओढत नाही. आधी वास घेतो, मग कोणती कॉइल काळी अन् कोणती लाल ते पाहतो. दोन फेज जळाल्या आणि तिसरी जशीच्या तशी असेल, तर मोटारीचा दोष नसतो. बाहेरून एक फेज गेलेली असते. हे समजायला मला चार वर्षं लागली होती. ही पोरगी त्या दिवशी संध्याकाळी पूर्ण रिपोर्ट काढून तसंच बसली. कोणावर आळ घेतला नाही, माझ्यावर चिडली नाही. आधी नाव, पॅन, पत्ता तपासला. पत्ता माझा नव्हता. म्हणजे पॅन कोणीतरी वापरला होता. तिनं त्या फायनान्सवाल्याला तक्रार लिहिली, रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपनीकडे हरकत नोंदवली, पोलिसांच्या सायबर पोर्टलवरही टाकली, आणि तिन्हींचे क्रमांक मला वहीत लिहायला लावले. एकूण पंचावन्न मिनिटं. एकविसाव्या दिवशी, म्हणजे १७ ऑक्टोबरला, ती चौकशी माझ्या रिपोर्टातून निघाली. पत्ता दुसरा, मोबाइल नंबर दुसरा, सही दुसरी. तुझा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मी तिला शंभराची नोट बक्षीस दिली. तिनं घेतली नाही. म्हणाली, "थांबा, अजून काम आहे."

ते काम तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पण आधी नवी भानगड मिटवायची म्हणून ती पंचवीस दिवस गप्प बसली. मला असं जमलं नसतं. रविवारी, २२ ऑक्टोबरला, ती दुकानात आली आणि तोच रिपोर्ट माझ्या बाकड्यावर ठेवला. शेवटच्या पानावर आठ ओळींखाली तिनं पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. त्याच आठ चौकश्या, ज्यांच्यामुळे २०२१ मध्ये बँकेनं मला दुकानाच्या शेडसाठी कर्ज नाकारलं. पाच २३ ऑगस्टच्या, तीन २४ ऑगस्टच्या.

"बाबा, २२ ऑगस्टले काय होतं?"

"राखी होती. रविवार. जागेश्वर आला होता."

"तो कधी गेला?"

"साडेपाचच्या बसनं."

"मग २३ तारखेले तुम्ही काय करत होता? तुमच्या वहीत तं सारंच असते."

माझ्या वहीबद्दल तुला सांगायला नको. तारीख, गिऱ्हाइकाचं गाव, तारेचा गेज, वेढे, त्या दिवशीचा तांब्याचा भाव. सव्वीस वर्षांत एक दिवस कोरा नाही. मी म्हटलं, "जुन्या वह्या माळ्यावर आहेत, धूळ झाली असेल." ती स्टूल घेऊन चढली अन् २०२१ ची वही काढून आणली. २३ ऑगस्टच्या पानावर चोवीस खाचांच्या वाइंडिंगचं चित्र चिकटवलेलं होतं.

"हे चित्र तं तुमाले तोंडपाठ आहे," ती म्हणाली. "हे कायले चिकटवलं?"

तिनं वही उचलून दाराच्या उजेडात धरली. दुकानात डिंक नव्हता म्हणून ते चित्र वाइंडिंगवर चढवायच्या वार्निशनं चिकटवलं होतं. आणि वार्निश प्यालेल्या कागदातून पलीकडचं दिसतं, हे सव्वीस वर्षं वार्निशमध्ये हात घालणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? तिनं पलीकडची नावं एकेक करून वाचली. आठ कंपन्या. प्रत्येकीपुढे व्याजाचा दर. माझं अक्षर.

जागेश्वर, आता लिहितो.

त्या राखीला तू आमच्या ओसरीवर बसून मला सांगितलं होतंस, "भाऊजी, कर्ज पाहिजे तं एका बँकेत जा. मोबाइलवर दहा ठिकाणी विचारू नका. इथं हर विचारण्याची नोंद लागते." मी हसलो. म्हणालो, "मी नागपुरात तारेचा भाव सात दुकानांत विचारतो. कोणत्या दुकानदारानं नोंद ठेवली?" तू म्हणालास, "हे तांबं नाही ना जी." माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान माणूस मला भाव विचारायला शिकवतो, हे मला लागलं. तुला दाखवून द्यायचं म्हणूनच मी दुसऱ्या दिवशी बसलो. नाव टाकलं, पॅन टाकला, ओटीपी टाकला, संमतीच्या चौकटीत खूण केली. त्या खुणेखाली बारीक अक्षरात काय लिहिलं होतं ते वाचलं नाही. बेअरिंगवरचा नंबर मी भिंग लावून वाचतो. सगळ्यात स्वस्त दर कोणाचा ते काढलं आणि मोठा तीर मारल्यासारखा झोपलो. पाच कंपन्यांनी त्याच दिवशी माझा रिपोर्ट उघडला, तिघींनी दुसऱ्या दिवशी.

मग ऑक्टोबरात बँकेनं नकार दिला. साहेबानं सांगितलं की तुमच्या नावावर दोन दिवसांत आठ चौकश्या आहेत. मला तुझी आठवण आली, कारण एकोडीला तुझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र होतं, आणि राखीच्या दिवशी मी तुला दुकानाच्या उद्यम नोंदणीसाठी पॅन आणि आधारची झेरॉक्स दिली होती. माझी चूक होऊच शकत नाही, मग ती दुसऱ्या कोणाची तरी असणार, आणि तो दुसरा माझ्यासमोर तयार होता.

९ नोव्हेंबर २०२१, मंगळवार, एकोडीची मंडई, दिवाळीनंतरची गावजत्रा. घराघरात पाहुणे, तुमच्या ओसरीवर अठरा-वीस माणसं चहा घेऊन राहिली होती. मी काय बोललो ते इथं पुन्हा लिहीत नाही. लाजेनं नाही. ते शब्द दुसऱ्यांदा तुझ्या घरात येऊ नयेत म्हणून. तू आवाज चढवला नाहीस. एवढंच म्हणालास, "भाऊजी, तारीख पाहा. अन् त्या तारखेची तुमची वही पाहा."

तेजूला मी त्या रविवारी सांगितलं की चित्र चुकून चिकटलं असेल, मला आजच समजलं. ती वही मिटून निघून गेली. तुला तेच सांगितलं तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. मी वही पाहिली होती, जागेश्वर. तू सांगितलंस त्याच्या तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, १२ नोव्हेंबरला, दुपारी. ते चित्र मी त्याच दुपारी चिकटवलं. दोन वर्षांत नऊ दिवस कमी, इतका काळ मला माहीत होतं. माहीत असूनही २६ सप्टेंबरला माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं.

आणि त्या काळात काय झालं तेही मला माहीत होतं. एकोडीची माणसं तुझ्या केंद्रातून आपापले कागद परत न्यायला आली. ज्याला सख्खा भाऊजी कागदचोर म्हणतो, त्याच्याजवळ आधार कोण देईल? शिमग्याच्या आधी तू पाटी उतरवलीस. आता साकोलीला दुसऱ्याच्या दुकानात बसून तेच फॉर्म भरतोस. तुझी ताई दोन वर्षं माहेरी आली नाही. तिला वाटायचं भावानं नवऱ्याला बुडवलं, आणि तरी ती दरवर्षी राखी पाठवायची. ती पाकिटं पोस्टात मी टाकत होतो.

तू मनात आणलं असतं तर माझ्या वहीची गोष्ट गावभर केली असतीस. तू केली नाहीस. तेजू मला काल म्हणाली, "मामाले माहीत होतं की वहीत असन. तरी तो तुमच्या तोंडून निघाची वाट पाहून राहिला." मी आजवर चांगल्या कारागिराला मान देत आलो. पण आपलं बरोबर असताना इतका वेळ गप्प राहणारा माणूस मी पाहिला नव्हता. आणि घरात तसाच दुसरा माणूस, तेजू, माझ्या पोटी वाढत होता, तेही पाहिलं नव्हतं.

आज सकाळी तुझ्या ताईला सर्व सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं, उठली, आत गेली. अर्ध्या तासानं दुकानात आली. मी हा कागद काढला होता.

"पत्र लिहून राहिले?" ती म्हणाली. "काहून, तोंड कुठं गेलं? मंडईत तं आवाज मोठा होता."

"तोंडानंही सांगतो," मी म्हटलं. "पण आधी लिहून देतो. मंग पलटता येत नाही."

"दोन कोसावरून मोटारीचा आवाज ऐकू येते तुमाले," ती म्हणाली. "माझा भाऊ हातभर अंतरावरून बोलला, ते नाही ऐकू आलं." आणि जाताना म्हणाली, "मी भाऊबिजेलेच जातो. तुम्ही या नाही तं नका येऊ."

मी येणार आहे. यंदा तुमची मंडई शुक्रवारी, १७ तारखेला आहे असं कळलं. तुझी ना असेल तर तेजूला कळव, मी चौकातूनच परत फिरेन. ना नसेल तर मला त्याच ओसरीवर, त्याच जागी, तेवढ्याच माणसांसमोर उभं राहू दे. रिपोर्ट आणि वही दोन्ही सोबत आणतो. चित्र काढायचा प्रयत्न करणार नाही, पान फाटेल. ज्याला पाहायचं त्यानं उजेडात धरून पाहावं.

सोबत माझ्या पॅन आणि आधारची झेरॉक्स पाठवत आहे. झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर कारण लिहूनच द्यायची, असं तेजूनं शिकवलं आहे. म्हणून दोन्हींवर आडवं लिहून सही केली आहे: "उद्यम नोंदणीसाठी, जागेश्वरच्या एकोडी येथील केंद्रात दिली." केंद्र आज बंद आहे हे मला माहीत आहे. घाई नाही. तू पाटी लावशील त्या दिवसापर्यंत कागद तुझ्याजवळ ठेव. माझी नोंदणी दुसऱ्या कोणाकडून करणार नाही.

ताईनं तुझ्यासाठी लाखोळीची डाळ बांधून ठेवली आहे. साडेतीन किलो.

आठही चौकश्या ज्याच्या हातच्या,
तो तुझा भाऊजी
सेवकराम