विंडोच्या पोटात ब्राउझर

७ जुलै, सोम.
सरांनी आज जाहीर केलं: पॅथॉलॉजी लॅबवाल्यांचं डेस्कटॉप ॲप बंद, सगळं ब्राउझरमध्ये. म्हणजे माझं ॲप बंद. डोकंच फिरलं. प्रिंटर, बारकोड, सगळं त्याच्यावर चालतं. म्हटलं, सर, जुनी विंडो राहू दे, नवीन वेब पान तिच्या आतच बसवते. "शुक्रवारी दाखव. जमलं नाही तर जुनं गुंडाळायचं."
वेबचं बघणारा नीलेश हसतोय. "बैलगाडीला मेट्रोचा डबा जोडतेस?" जोडते. बघच तू.

८, मंगळ
आलं! जुन्या विंडोत नवीन पान दिसलं. झकास. पण विंडो आणि पान, दोघांचा अबोला. पानात क्लिक केलं की विंडोचे शॉर्टकट मेलेच. आरेतून बसने घरी येताना तेच डोक्यात, स्टॉप चुकला.

९, बुध
घाटकोपरच्या लॅबमध्ये नेलं. काउंटरवर शैलाताई. मान वर न करता टाइप करतात: आकडा, एंटर, आकडा, एंटर. आमच्या विंडोत एंटर म्हणजे पुढचा चौकोन. पानात एंटर म्हणजे पाठव! हिमोग्लोबिनवर एंटर मारला आणि अर्धाच रिपोर्ट डॉक्टरांकडे. ट्रायलला खोटं नाव घ्या हे सांगायचं मी विसरले, त्यांनी खरा पेशंट घेतला. वाट लागली. डॉक्टरांना फोन करून थांबवलं. शैलाताई चिडल्या, "अगं, माणसाचा रिपोर्ट आहे, खेळ वाटला का तुला?" खूप वाईट वाटलं.

१०, गुरु
नीलेशशी भांडण. म्हणतो, वेबमध्ये असंच असतं, लोकांनी शिकावं. "मग जा ना, सांग त्यांना तोंडावर." आणि गेला की खरंच घाटकोपरला! दुपारी परत. "यार, शैलाताई माऊसला हातच लावत नाहीत." खुर्ची ओढून शेजारी बसला. आता एंटर मारला की तो आधी विंडो पकडते आणि पानाला सांगते, पुढे सरक. पाठवायला वेगळं बटण. संध्याकाळपर्यंत चाललं. नी.ने स्वतःहून वडापाव खाऊ घातला, म्हणजे बघा.

११, शुक्र
सरांनी स्वतः बसून सगळे चौकोन भरले, एंटर मारत मारत. रिपोर्ट पूर्ण गेला, बारकोडही छापला. सर नुसतं "हं" म्हणाले. "सोमवारी सांगतो." हं काय, हं?
आत्ता शैलाताईंचा फोन. "उद्या कुठलं उघडू गं, जुनं की नवं?"
"नवं उघडा, ताई. मी सकाळी येऊन शेजारी बसते."
सरांना विचारलेलं नाही.