आशीर्वादाची कॉफी

अदिस अबाबा

झेरिहुन बाळा,

तुझा पत्ता नाही, तरी लिहिते. वस्ती-समितीच्या बंदूकवाल्यांनी तुला माझ्या माळ्यावरून ओढून नेलं, त्याला चौदा वर्षं झाली. त्या दुपारी आळीतल्या बायका माझ्याकडे कॉफीला बसल्या होत्या, आणि अस्नाकेच, आपली शेजारीण, तिसऱ्या म्हणजे शेवटच्या, आशीर्वादाच्या कॉफीआधीच उठली. असं कोण उठतं? चुगली हिचीच, हे मी तेव्हाच ओळखलं. पुन्हा तिच्या घरचं पाणी प्यायले नाही.

काल लष्करी सरकार पडलं. आज ती दारात येऊन म्हणते, "अगं, माळ्यावर कुणी खोकलं, म्हणून उठले. वाटलं, माझ्यामागे बाकीच्याही उठतील."

खोटारडी! इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का?

पण उठू लागलेल्या बाकीच्यांना, "आशीर्वाद घेतल्याशिवाय जायचं नाही," म्हणत हाताला धरून बसवलं ते मीच. आणि तू पुन्हा खोकलास.

तुझी ताई,
येशिमेबेत