साखर घालून परत आलेलं ताट

प्रिय सुनंदा,

उद्या अष्टमी. कुमारिकांची नावं लिहायला बसले आणि नवव्या नावावर पेन थांबलं. म्हणून मग तुलाच लिहायला घेतलं. तू जाऊन तीन महिने झाले, तरी जिना उतरताना तुझ्या दाराशी हाक मारायला तोंड उघडतं बघ.

आठवतं? मुक्ता तेव्हा सात वर्षांची. मी वर नऊ पाट मांडलेले, मुली जमल्या आठ, आणि नववी शोधायला मी पार गणेशवाडीत गेले. येता-जाता तुझ्याच दारावरून! तू लेकीला परकर-पोलकं घालून, गजरा माळून उंबऱ्यात बसवली होतीस. मला काय आंधळेपण आलं होतं?

आंधळेपण कसलं, भीती होती. तिचे पाय अधू, तोंडातून लाळ गळायची. बाकीच्या आया काय म्हणतील? देवीच्या कामात काही... शी! लिहितानाही लाज वाटते.

वर शहाणपणा असा, की तुझ्याकडे ताट पाठवलं. म्हटलं, "जिना चढायचा त्रास नको तिला." दया दाखवली मी, दया!

तू ताट घासून परत पाठवलंस. रिकामं देऊ नये म्हणून त्यात मूठभर साखर. अगं, भांडली का नाहीस? झिंज्या उपटायच्या होत्यास माझ्या! नळावर तर हंडाभर पाण्यासाठी सोडायची नाहीस. पुढे दर वर्षी मी ताट पाठवत गेले, तू साखर पाठवत गेलीस, आणि मी ती चहात घालून प्यायले.

आज संध्याकाळी खाली गेले. म्हटलं, "भाऊजी, उद्या कुमारिका म्हणून मुक्ता हवी." तर ते म्हणाले, "सतरा वर्षांची झाली ती, वहिनी. आणि जिना चढायचा त्रास. ताट पाठवा की नेहमीसारखं." माझंच वाक्य! तेवढ्यात मुक्ता अडखळत म्हणाली, "काकू, गजरा... माळू?" दहा वर्षं पोर वाट बघत होती, सुनंदा.

उद्या पाट तुझ्या दारापुढच्या ओट्यावर मांडणार. बाकीच्या आठ जणी उतरतील जिना. पाय आधी मुक्ताचे धुणार, लाळ आली तर माझ्या पदराने पुसणार. कुणी नाक मुरडलं तर माझ्याशी गाठ आहे. ताट मात्र रिकामंच वर आणीन. साखर घालायला आता तू कुठे आहेस?

तुझी,
वरच्या मजल्यावरची शैला