जमादारची साखर

१२ जानेवारी १९६५, अमरावती

ओसरीच्या कोपऱ्यात मुंगळ्यांची रांग. सौ. पंचफुलेला म्हटलं, चहा करताना साखर सांडतेस, ती कुठवर जाते बघ. ती म्हणाली, साखर डब्यात हाय, तुमचा जमादार तिथं मुतते म्हून मुंगळे येतात. असलं मी कधी ऐकलं नाही. कुत्रा हल्ली बादलीभर पाणी पितो हे खरं, पण ते मी तब्येत सुधारल्याचं लक्षण धरत होतो.

१४ जानेवारी

जमादारला घेऊन ढोरांच्या दवाखान्यात. आमच्यापुढे एक बैल, त्याच्या मालकाने आम्हा दोघांकडे फार विचित्र नजरेने पाहिलं. डॉ. इनायतुल्लांनी मुंगळ्यांची हकिकत ऐकली आणि लगेच म्हणाले, देवमनराव, इसको शुगर है. कुत्र्यांनाही होते म्हणे. उपाय माणसाचाच: इन्सुलिनचं इंजेक्शन रोज, खाणं मोजून. पुढे म्हणाले, सांगतो म्हणून सांगतो, पण घरी कोणाच्याने निभत नाही. चार दिवस करतात आणि सोडतात. जनावर म्हातारं आहे, तुम्ही नाही केलं तरी मी काही म्हणणार नाही.

मी नुसता हसलो. बांधकाम खात्यात हेड क्लार्क आहे मी. अर्ध्या जिल्ह्यातल्या पुलांचा पत्रव्यवहार माझ्या टेबलावरून जातो. एका कुत्र्याची लघवी म्हणजे काय.

शिवाय जमादार हा काही कोणताही कुत्रा नव्हे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परत येताना बडनेऱ्याच्या फलाटावर हे पिल्लू लेकीच्या, शालूच्या मागे लागलं. पंचफुलेच्या नव्या पांढऱ्या पातळात गुंडाळून घरी आणलं. आमच्या नव्या जन्माचं आणि त्याचं वय एकच. त्याला असं सोडून देता येणार नाही.

१७ जानेवारी

शालू अकोल्याहून आली. तिथल्या इस्पितळात नर्स आहे, त्यामुळे बोलण्यात थोडा अधिकार आलाय. मोर्शीची संत्री घरात होती. इंजेक्शन द्यायचं संत्र्यावर शिकवलं. दोन संत्र्यांत माझा हात बसला. मग तपासणी: नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळंच राहिलं तर उत्तम. हिरवं, पिवळं, नारिंगी असं वाढत जाऊन विटकरी झालं की वाईट.

जाताना दोन गोष्टी बजावल्या. बाबा, इन्सुलिनची बाटली गार जागी, माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवा. आणि मले विचारल्याशिवाय मात्रा वाढवू नका. दोनदा म्हणाली. मला एकदा सांगितलेलं पुरतं.

प्रॅक्टिसची संत्री वाया जाऊ नयेत म्हणून मी आणि जमादारने संपवली. फळ आहे, त्याचं काही नाही.

१८ जानेवारी

आजपासून प्रोग्रॅम. पोळी बंद, भात बंद, चहात बुडवलेला पाव कायमचा बंद. फक्त मटण, तेही मोजून. सकाळी फिरणं, मग तपासणी, मग इंजेक्शन, मग जेवण. पंचफुलेला सर्व समजावून दिलं. ती तांदूळ निवडत होती.

बाटली माठाखाली ठेवणं सुरक्षित वाटलं नाही. दिवसभर तिथं कोणाचा ना कोणाचा हात. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे.

१९ जानेवारी

लघवी घेण्याचं काम वाटलं तेवढं सोपं नाही. वाडगं घेऊन गल्लीत मागे मागे गेलो. त्याने पाय वर केला, मी वाकलो, त्याने पाय खाली घेतला. फ्रेझरपुऱ्याच्या टोकापर्यंत हेच. कुर्बानभाई दुकान उघडत होते. टेलर माणूस, बोलायला मोकळा. म्हणाले, बाबूजी, कुत्ते की भी कुछ इज्जत होती है, जरा तोंड फिरवा. तोंड फिरवलं. वाडगं भरलं, बाही पण.

रिझल्ट: नारिंगी. सुरुवात म्हणून चांगली.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला जाण्यापूर्वी तपासणी. हिरवा. स्पष्ट हिरवा. पाणीही कमी पितो. डॉक्टरांना मुद्दाम जाऊन सांगितलं, चार दिवस होऊन गेले तरी सोडलं नाही. ते म्हणाले, माशाअल्ला, आगे देखो. पुढे बघण्यासारखं काही उरलं आहे असं वाटत नाही. रोग कंट्रोलमध्ये आहे.

या विषयावर सविस्तर लेख लिहावा असा विचार. ढोरांच्या डॉक्टरांसाठी मासिक निघतच असेल.

९ फेब्रुवारी

मटणाबाबत: नासकं आहे की कसं हे कळायला शिजवून चव घ्यावी लागते. आज चव घेता घेता जमादारचा वाटा थोडा कमी पडला. भरपाई म्हणून अर्धी पोळी दिली. पंचफुलेने पाहिलं. पोळ्यांचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

२ मार्च

जमादारच्या डोळ्यांत निळसर पांढरी झाक आली आहे. भारदस्त दिसतो. संध्याकाळी दाराच्या चौकटीला धडकला. विचारात असतो.

११ मार्च

पंचफुला म्हणते, त्याले दिसत नाई. मी समोर बिस्कीट धरून दाखवलं, तो बरोबर आला. ती म्हणाली, वासानं आला. प्रयोग पुन्हा करावा लागला. बिस्किटं चार लागली. निष्कर्ष निघाला नाही.

३० मार्च

ऊन सुरू. घरावर टिनं, दुपारी आत बसवत नाही. रिझल्ट पिवळा, क्वचित नारिंगी. उन्हाळ्यात रंग जरा चढतच असावेत.

१५ एप्रिल

काल जयंती. मिरवणूक दारावरून गेली, प्रत्येक घरी बुंदी. जमादार ओसरीत बसला होता आणि येणारा जाणारा त्याच्यापुढे चिमूट टाकत होता. लोकांच्या आनंदात आपण नियम कुठे सांगायचे. मी स्वतः फक्त एकदाच दिली.

आज रिझल्ट विटकरी. म्हणजे विटकरी म्हणता येणार नाही, पिकलेल्या संत्र्याच्या सालीसारखा, जरा जास्त पिकलेल्या. बुंदीचा परिणाम. उद्या उतरेल.

२० एप्रिल

उतरला नाही. पंचफुला म्हणाली, शालूले पत्र टाका. मी म्हटलं, बुंदीसाठी अकोल्याला पत्र टाकत नसतात. सिरिंजवर दोन रेघा वाढवल्या. फार विचार करून वाढवल्या.

२७ एप्रिल

आणखी दोन. औषधाची जमादारला सवय झाली, हे उघड आहे. ऑफिसात शिपायांवरही पहिल्या मेमोने जो परिणाम होतो तो पाचव्याने होत नाही.

पाणी पुन्हा बादलीभर. बाटली पेटीतून काढली तर हाताला गरम लागली. पेटीच तापलेली होती, त्यामुळे साहजिक.

३ मे

आता सुरुवातीच्या दुप्पट रेघा देतो. रंग विटकरीच. सडपातळ झालाय थोडा. उन्हाळ्यात मीही होतो. रात्री लघवीला उठवतो, पंचफुला उठते. मला ऑफिस असतं.

सुई पाहून खाटेखाली जाऊ लागला आहे. दिसत नसताना सुई कशी कळते, हा मुद्दा मी पंचफुलेपुढे मांडला. म्हणजे दिसतं. ती म्हणाली, तुमच्या चपलेचा आवाज आयकते तो.

९ मे

बाटली संपली. पंचफुलेने परस्पर शालूला पत्र टाकलं होतं. आज अकोल्याहून येणाऱ्या तिच्या ओळखीच्या बाईंच्या हाती नवी बाटली आली. थर्मासमध्ये बर्फ घालून पाठवली होती. एवढा सोपस्कार एका बाटलीचा. सोबत चिठ्ठी: आईनं लिहिलं ते वाचलं. जुनी बाटली उन्हानं मेली असंल, तिच्यात दम राहिला नसंल. ही ताजी हाय. पहिल्या मात्रेपासून सुरू करा. पहिल्या, बाबा.

चिठ्ठी नीट वाचली. शालूला इथली परिस्थिती माहीत नाही. जमादारला सध्याच्या मात्रेची सवय आहे, एकदम निम्म्यावर आणणं अवैज्ञानिक होईल. उद्यापासून नवी बाटली, मात्रा चालू तीच.

१० मे, सकाळ

इंजेक्शन दिलं. जमादारने मटण हुंगून सोडलं. गरमी. भूक लागली की खाईल.

१० मे, दुपार

निळा. आकाशासारखा स्वच्छ निळा. नळी हातात घेऊन कुर्बानभाईंच्या दुकानात गेलो आणि उजेडात धरून दाखवली. ते म्हणाले, मुबारक बाबूजी. मशीनजवळ बसलेल्या गिऱ्हाइकालाही दाखवली. चार महिन्यांचे श्रम. अगदी मुद्दाम सांगावंसं वाटतं की डॉक्टर म्हणाले होते, कोणाच्याने निभत नाही.

दवाखान्यात नळी दाखवायला निघत आहे.

१० मे, संध्याकाळ

रस्त्यातून परत यावं लागलं. कुर्बानभाई सायकलवर मागून आले आणि म्हणाले, भाभी बुलाती है, जल्दी.

जमादार ओसरीत आडवा. चारही पाय झटकत होता, तोंडाला फेस. पंचफुला खाली बसून गुळाचं पाणी बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळत होती. शालूने जानेवारीतच तिला सांगून ठेवलं होतं म्हणे, साखर फार उतरली तर असं करायचं. मला सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल.

मी म्हटलं, गूळ देऊ नकोस, आजच निळा आला आहे.

तिने वर पाहिलं. म्हणाली, अवो, तुमी बाजूले सरका.

सरकलो. नळी हातात होती. ठेवायला जागा दिसेना.

डॉ. इनायतुल्ला रिक्षाने आले. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं, बराच वेळ बसले. मात्रा विचारली, मी सांगितली. त्यांनी पुन्हा विचारली. मग बाटली आणि शेजारचा थर्मास पाहिला, ही नवी का म्हणाले, आणि चष्मा काढून पुसला. चहाही घेतला नाही.

१२ मे

जमादार वाचला. उठून उभा राहतो, पण मान एका बाजूला कलते आणि भिंतीला नाक लावून थांबतो. विश्रांतीची गरज आहे.

१३ मे

शालू आली. जुनी बाटली कुठे होती विचारलं. मी माळ्याकडे बोट केलं. ती शिडीने वर चढली, पेटीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. खाली उतरून म्हणाली, बाबा, म्या माठाखाली सांगतलं होतं.

मी म्हटलं, कुलूप होतं त्याला.

ती आईजवळ जाऊन बसली.

ठरलं ते असं: अगदी थोडी मात्रा, ती पंचफुला देईल. तपासणी बंद, वाडगं बंद. शालूच्या मते आता त्याला बरं करायचं राहिलं नाही, त्रास कमी द्यायचा. मी तत्त्वतः सहमत नाही, पण विरोध केला नाही. नळी आणि स्पिरिटचा दिवा धुऊन फडताळात ठेवला.

१५ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात गेलो. घरी खीर. जमादारला दिली नाही. मीही घेतली नाही. पंचफुला म्हणाली, तुमाले कोनं मना केली. तरी घेतली नाही.

१९ मे

पंचफुला इंजेक्शन देते तेव्हा तो हलतसुद्धा नाही. तिच्या पायावर हनुवटी टेकून पडलेला असतो, ती मानेची चामडी उचलते, देते, आणि भाजी चिरायला घेते. कुठे शिकली विचारलं. म्हणाली, तुमी संत्र्याले टोचत होते तवा मी समोरच बसली होती ना.

मी ओसरीत गेलो की तो उठतो आणि चाचपडत खाटेखाली जातो. खाटेखाली गारवा असतो.

२३ मे

आज चपला बाहेर काढून अनवाणी आत गेलो. थोडा वेळ कळलं नाही त्याला. मग नाक हललं, आणि गेला खाटेखाली. पंचफुला म्हणाली, राहू द्या, तो येईन तवा येईन. मी खाटेवर बसून राहिलो. खालून त्याचा श्वास ऐकू येत होता. त्याला दिसणार नाही अशा बेताने हात खाली सोडला, मग लक्षात आलं की त्याला तसंही दिसत नाही.

आला नाही.

२९ मे

दोन दिवस काही खाल्लं नाही. पाणीसुद्धा नको. डॉक्टर येऊन गेले. पंचफुलेने विचारलं, इंजेक्शन द्यायचं का, तर म्हणाले, अब रहने दो बहन. लेखाचा विषय त्यांनीच काढला. मी कधीतरी बोललो होतो. मी म्हटलं, वेळ झाला नाही.

१ जून

पहाटे गेला. पंचफुलेच्या अंथरुणाजवळ. तिने उठवलं नाही मला, सकाळी चहा दिला तेव्हा सांगितलं. म्हणाली, आता हात लावा त्याले, जात नाई तो कुठं. कडवट म्हणाली नाही. नेहमीसारखीच.

लावला हात.

घरामागे कडुलिंबाजवळ जागा पाहिली. कुर्बानभाई कुदळ घेऊन आले. त्यांनी विचारलं, खड्डा कितना, बाबूजी. मी दोन्ही हात पसरून जमादारची लांबी सांगितली, खोलीही सांगितली. उन्हाने जमीन दगडासारखी, दोघांनी मिळून खणलं, तास गेला. मला घाम फुटला तेव्हा त्यांनी कुदळ घेतली.

पंचफुलेने पांढऱ्या फडक्यात गुंडाळून आणला. एकटीने, एका हातावर. मी म्हटलं, मला दे, जड आहे. तिने दिला.

जड नव्हता.

खाली ठेवला तर खड्ड्याच्या एका कोपऱ्यात मावला. बाकी सगळी जागा रिकामी. कुर्बानभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, फावडं उचललं. पंचफुला म्हणाली, लय मोठा खनला तुमी. हो म्हटलं. दगड बाजूला काढून उरलेली माती सगळी टाकली तरी जागा भरता भरेना, नुसती आत बसत गेली. मग मी शेजारच्या रिकाम्या जागेतून घमेल्याने आणखी माती आणली.