न धुतलेला कुर्ता

बडनेरा,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. माधवीताईस,
सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. थंडीने आईचा गुडघा धरला आहे, पण ती ऐकत नाही. काल पुन्हा जिना चढून गच्चीवर वड्या वाळत घालून आली. बाबांना शनिवारी सुटी आहे. ते सकाळच्या गाडीने अकोल्याला येतील. त्यांच्याजवळ संत्री, आईने आचलसाठी विणलेला स्वेटर, माझे एक पुस्तक आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेला माझा राखाडी कुर्ता आहे. संत्री सासूबाईंना दे, स्वेटर तुझ्या लेकीला. कुर्ता तुझ्यासाठी आहे. मात्र हे पत्र वाचून झाल्याशिवाय ती पिशवी उघडू नकोस.

काल फोनवर तू बराच वेळ बोललीस आणि मी ‘हो’ आणि ‘बरं’ एवढेच म्हणत राहिले. तुला राग आला. "घुमे, तोंडात दगड ठेवला काय वं? इकडं मांजर मरून राहिली अन् तू हो-हो करून राहिली!" मला फोनवर बोलता येत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून लिहिते.

तुझे म्हणणे मला नीट समजले आहे. गेल्या रविवारी तू नेल्यापासून मांजर कपाटामागून बाहेर आलेली नाही. रात्री सगळे झोपल्यावर थोडे पाणी पिते, अन्नाला तोंड लावत नाही. तू हात घातलास की ओरबाडते, आणि आचल रडते. सासूबाईंनी निक्षून सांगितले आहे की रविवारपर्यंत ती माणसांत आली नाही, तर गोणीत घालून धान्यबाजारात सोडून देतील. मी विचारले, "मग परत देतेस का?" कालच्या बोलण्यात माझे स्वतःचे असे तेवढे एकच वाक्य होते. त्यावर तू म्हणालीस, "माही मांजर हाये. मी धरून आणली. तुले कावून देऊ? तुले देण्यापरीस बाजारात सोडलेली बरी."

ठीक आहे. तू उन्हाळ्यात माहेरी आली होतीस तेव्हा मालधक्क्यामागून तूच तिला खोक्यात धरून आणलेस, हे कोणी नाकारत नाही. कान फाटलेला, अंगावर ग्रीस, आणि माणूस दिसला की भिंतीत शिरू पाहणारी. तू तिचे फोटो काढलेस. ते अकोल्यापर्यंत पोचले, तुझ्या कनवाळूपणाचे कौतुक झाले. मग ती जवळ येत नाही असे दिसल्यावर तू तिला माझ्या अभ्यासाच्या खोलीत सोडलेस आणि दार ओढून घेताना आईला म्हणालीस, "राहू दे घुमीले घुमीसंगं. दोघीयलेही माणसाचं भेव." आई हसली. मांजरीचे नाव तेव्हापासून घुमी पडले. माझे नाव तिला देण्यापूर्वी मला कोणी विचारले नाही.

त्यानंतर त्या खोलीत काय घडले, तेही कोणी विचारले नाही.

ती पलंगाखाली ट्रंकेच्या मागे बसे. मी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसत असे. डोळ्यांत पाहत नसे. ताटली रोज थोडी अलीकडे ओढत असे आणि भाषाविज्ञानाचे पुस्तक मोठ्याने वाचत असे. तोंडी परीक्षेत परीक्षकांसमोर माझा आवाज फुटत नाही; तिच्यासमोर मी स्वनिमांचे संपूर्ण प्रकरण न अडखळता वाचले. पावसाळ्यात एका दुपारी माझ्या पाठीला काहीतरी ऊबदार टेकले. मी वळले नाही. वाचतच राहिले. तिने माझ्या राखाडी कुर्त्यावर डोके घासले. आपणहून माझ्याजवळ आलेला असा दुसरा जीव मला आठवत नाही.

त्याच सुमारास तिचा कान चिघळला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "बेटा, औषध टाकनाऱ्या हाताले मांजर माफ नाही करत. खाऊ घालनारा एक ठेवजा, औषध टाकनारा दुसरा." घरात दुसरे कोणी नव्हते. आईला मांजराची शिसारी येते आणि बाबा ड्यूटीवर. दारामागच्या खुंटीवर तू विसरलेला जांभळा गाऊन लटकत होता, आरशापाशी तुझी मोगऱ्याची पावडर होती. मी गाऊन चढवला, पावडर लावली, आणि अगदी तुझा हेल काढून हाक मारली, "आली वं आली, माही राणी!" मग तिला टॉवेलात आवळले, मान दाबून धरली आणि कानात औषध सोडले. ती माणसासारखी किंचाळली. नंतर मी हातपाय धुतले, माझा कुर्ता घातला आणि परत आले. थरथरत ती माझ्या मांडीत शिरली. तुझ्यापासून लपायला.

पहिल्या दिवशी ती निव्वळ सोय होती. आठवड्याभरात कान बरा झाला. गाऊन मी त्यानंतरही घालत राहिले.

तुला माझा दहावीचा सत्कार आठवतो का? विहारासमोर मंडप घातला होता. मी तुझा पिवळा पंजाबी ड्रेस घालून व्यासपीठावर चढले आणि तू खालून ओरडलीस, "मार्क तिचे, ड्रेस माहा!" सगळा मंडप हसला. पाहुण्यांनाही हसू आवरेना. लिहून आणलेले चार शब्द मी बोलू शकले नाही. तुझे फ्रॉक, दप्तर, चपला, सगळे मी वापरले, आणि प्रत्येक वेळी ते तुझे असल्याचे तू चारचौघांत सांगितलेस. तुझ्या कपड्यांत शिरून कोणाला दुखवताही येते, हे मात्र मला फार उशिरा समजले.

रविवारी तू गाडी घेऊन आलीस, कारण आचलला खेळायला मांजर हवे होते. खोलीच्या दारातून तू हाक मारलीस, "आली वं आली, माही राणी!" ती जागच्या जागी मुतली. "पाहा वं आई, आनंदानं मुतली!" असे म्हणून तू हसलीस. आई म्हणाली, "वळखलं तिनं तुले." ओळखले होतेच. मी दाराआड उभी होते आणि गप्प राहिले. मला वाटले, ती तुझ्याजवळ रमणार नाही, चार दिवसांत तू कंटाळशील आणि तिला इथे आणून टाकशील. स्वतःला नको असलेली वस्तू तू आजवर नेहमी मलाच दिलीस. या वेळी देणार नाहीस, हे मला सुचले नाही.

म्हणून आता लक्ष देऊन वाच. पावडर धुऊन टाक. बांगड्या काढ. माझा कुर्ता घाल. रविवारपासून तो माझ्या अंगावरच होता, मुद्दाम धुतलेला नाही. तुला दंडात घट्ट होईल. तुझे मला खांद्यात सैल होत असत, तसेच ते. कपाटाकडे पाठ करून जमिनीवर बस आणि सोबतचे पुस्तक वाच. समजले नाही तरी चालेल. आवाज खाली ठेव, एकसुरी, ज्याला तू रडका म्हणतेस तसा. हसू नकोस. हाक मारू नकोस. तुझा स्वतःचा आवाज एकदा जरी तोंडातून निघाला, तरी ती पुन्हा कपाटामागे जाईल, आणि तुझ्या सासूबाईंची गोणी तयार आहे.

ती येईल. आधी पाठीला टेकेल, मग मांडीवर चढेल. तेव्हा ती तुझ्या मांडीवर बसलेली नसेल, एवढे ध्यानात असू दे. घरातले म्हणतील, माधवीने कशी माया लावली. तू मान हलव. दुसऱ्याच्या कपड्यांत कौतुक करून घेताना पहिल्यांदा अवघड जाते; पुढे सवय होते. कुर्त्याचा वास उडाला की बाबांना कळव. माझा दुसरा अंगावरून उतरवून पाठवीन. तुला आता माझे उतरलेलेच घालावे लागेल, ती जगेल तोवर.

आचलने मात्र खुशाल स्वतःचे कपडे घालून बसावे. तिच्याशी मांजरीचे वैर नाही. माझेही नाही.

आणखी एक. घुमी म्हटल्यावर तिने इथे कधी कान हलवला नाही. मी तिला दुसऱ्याच नावाने हाक मारत असे, आणि ती जिथे असेल तिथून धावत येत असे. ते नाव मी बाबांच्याजवळ दिलेले नाही.

यापुढे तुझे काहीही अंगावर न घालणारी,
प्रियदर्शनी